स्किनचा लिंफोमा असलेल्या माणसाचा घसा बसला तर काय करायचं? बेळगाव भागातल्या घरच्यांसाठी

पहिलं एक क्लिअर करतो. ज्यांच्या घरात कुणाला तरी कातडीचा टी-सेल लिंफोमा (पांढऱ्या पेशींचा एक कॅन्सर) आधीच निघालाय, म्हणजे बहुतेक फाइलींवर मायकोसिस फंगॉइडिस असं लिहिलेलं असतं तो आजार, त्यांच्यासाठी हे आहे. नुसता घसा बसला, खोकला झाला म्हणून शोधत इथं आला असाल तर मिठाच्या पाण्याने गुळण्या करा आणि झोपा, हे वाचून उगाच घाबरू नका. मी डॉक्टर नाही. घरच्या पेशंटची फाइल काखेत मारून बेळगाव, हुबळी, मुंबई फिरलेला माणूस आहे, आणि त्यात जे शिकलो ते लिहालोय.

एक गोष्ट आधीच डोक्यात घ्या, कातडीचा डॉक्टर तोंड उघडायला सांगत नाही आणि घशाचा डॉक्टर शर्ट काढायला सांगत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, पण मधला निरोप पोचवायचं काम कुणाचंच नसतं, ते तुम्हालाच करायचं असतंय. बाकी जे काही सांगणार आहे ते सगळं ह्या एका कामाभोवतीच फिरतं.

आजार थोडक्यात. आपल्या रक्तातल्या टी-सेल नावाच्या पांढऱ्या पेशी बिघडून कातडीत मुक्काम ठोकतात. चट्टे सुरुवातीला बहुतेक झाकलेल्या जागी येतात, कंबर, कुल्ले, मांड्या, छातीची बाजू, जिथं ऊन पोचत नाही तिथं. कुणी नायटा म्हणतं, कुणी सोरायसिस, कुणी एक्झिमा, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर कधी कधी लाल न दिसता फिकट पांढुरके डाग येतात त्यामुळं कोड किंवा महारोगाची शंका घेऊन माणसं नको त्या टेन्शनमध्ये जातात. वर्षानुवर्षं मेडिकलमधनं ट्यूब आणून लावायची, स्टेरॉइडमुळं जरा बरं वाटायचं, परत उठायचं, असं चालू राहतं. नावात फंगस आहे म्हणून बुरशीचं औषध लावणारेही बघितलेत. फ्रान्सच्या आलिबेर नावाच्या डॉक्टरने १८०६ साली हा आजार पहिल्यांदा नोंदवला, पुढं त्या गाठी अळंब्यासारख्या दिसतात म्हणून तसलं नाव पडलं, बुरशीशी त्याचा काही संबंध नाही. आणि हो, हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, एका ताटात जेवा, टॉवेल वेगळा ठेवायचाच असेल तर नेहमीच्या स्वच्छतेसाठी ठेवा, भीतीपोटी नको.

आता भीती किती बाळगायची ते. बहुतेक लोकांचा हा आजार चट्ट्यांवरच थांबतो, वर्षानुवर्षं तिथंच राहतो. अंगाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी जागेवर नुसते चट्टे असतील, म्हणजे पहिल्या स्टेजचाही पहिला भाग (१ए), तर माणसाचं आयुष्य साधारण इतरांएवढंच असतं. टक्केवारी मोजायची सोपी रीत म्हणजे पेशंटचा स्वतःचा तळहात बोटांसकट अंदाजे १ टक्का धरायचा. कातडी सोडून बाहेर गेलाच तर आधी लिंफ नोड, रक्त, फुप्फुस, लिव्हर, प्लीहा असल्या जागा. तोंड आणि घसा ह्या खरंच विरळ जागा आहेत, तोंडात येणं तर शंभर पेशंटमध्ये एकालाही नाही इतकं कमी. पण येतं तेव्हा जीभ, टाळू, हिरड्या, टॉन्सिल, घशाच्या वरचं झाकण, स्वरयंत्र ह्यापैकी कुठंही येऊ शकतं, आणि स्वरयंत्राजवळ आलं तर श्वासाचा प्रश्न असल्यामुळं विरळ म्हणून सोडून देता येत नाही.

कुणी जास्त लक्ष ठेवायचं? ज्यांच्या अंगावर चट्ट्यांच्या पुढं जाऊन गाठी उठल्यात, ज्यांचं सगळं अंगच लाल होऊन साल निघतेय, ज्यांच्या रक्तात त्या पेशी सापडल्यात म्हणजे सेझारी सिंड्रोम म्हणतात तो, आणि ज्यांच्या रिपोर्टमध्ये कुठंतरी लार्ज सेल ट्रान्सफॉर्मेशन असं लिहिलंय. हा शेवटचा शब्द फाइलमध्ये आहे का ते आजच बघा. त्याचा अर्थ पेशींनी रूप बदललंय आणि आजार जरा आक्रमक झालाय, अशा माणसाच्या घशाची तक्रार हलक्यात घ्यायची नाही.

घशात नेमकं काय बघायचं

तीन आठवडे होऊन गेले तरी आवाज बसलेलाच. घास अडकतोय, आधी भाकरी, मग भात, मग पाणीसुद्धा. एकाच बाजूचा कान दुखतोय पण कानात काही नाही. गरम बटाटा तोंडात धरून बोलावं तसा आवाज येतोय. जिभेवर, टाळूवर किंवा हिरडीवर फोड किंवा गाठ आहे जी दोन-तीन आठवड्यांत भरून येईना. थुंकीत रक्त. मानेत नवीन गाठ. ह्यातलं काही असेल तर अपॉइंटमेंट घ्या, वाट बघू नका.

श्वास आत घेताना शिट्टीसारखा घरघर आवाज येत असेल, आडवं झाल्यावर गुदमरत असेल, स्वतःची लाळही गिळता येत नसेल तर मात्र अपॉइंटमेंट वगैरे सोडा, १०८ ला फोन लावा किंवा गाडी काढा आणि सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. माणसाला बसवूनच न्या, झोपवू नका. वाटेत गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन मारून घ्यायला थांबू नका.

पण दरवेळी लिंफोमाच असतो असं नाही, उलट बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी असतंय. स्टेरॉइड किंवा केमो चालू असलेल्यांच्या तोंडात पांढरी बुरशी येते, ती साध्या गोळीने जाते. ॲसिडिटीने घसा बसतो. टीबी स्वरयंत्रालाही होतो. आणि औषधांचं तर वेगळंच. मेथोट्रेक्सेटची गोळी चालू असेल तर ती आठवड्यातनं फक्त एकदा घ्यायची असते. घरात चुकून रोज दिली गेली तर तोंडभर फोड येतात, गिळता येत नाही, आणि रक्तातल्या पेशी धडाधड खाली येतात. अशा माणसाला फोड आले की आधी गोळी कशी दिली ते तपासा आणि त्याच दिवशी डॉक्टरला फोन करून ब्लड टेस्ट करा, ते जिवावर बेतू शकतं. गोळीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात वार लिहून ठेवा, रविवार तर रविवार. बेक्सारोटीन (ह्याच आजाराची गोळी) चालू असलेल्यांचं थायरॉइड खाली जातं, त्यानेही आवाज जाड होतो, म्हणून थायरॉइडचा रिपोर्ट जवळ असू द्या.

तंबाखूचा चकवा

आपल्या भागात हे मुद्दाम सांगायला लागतंय. निपाणीकडं तंबाखूचं पीक, विड्यांचा धंदा, आणि खानापूरपासनं चिकोडीपर्यंत गुटखा-मावा खाणारे घरोघरी. त्यामुळं पन्नाशीचा माणूस घसा धरून ओपीडीत गेला की डॉक्टरच्या डोक्यात पहिलं तंबाखूचं कॅन्सर येतं, येणारच, रोज तेच बघतात ते. पेशंटनं शर्टाच्या आत काय आहे ते सांगितलंच नाही तर त्यांना स्वप्न पडणार आहे का?

फरक कशाने पडतो तर ट्रीटमेंट पार वेगळी आहे. तंबाखूच्या घशाच्या कॅन्सरला ऑपरेशन किंवा ७० ग्रेच्या (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप) आसपास रेडिएशन लागतं, कधी कधी स्वरयंत्रच काढायची पाळी येते. लिंफोमा रेडिएशनला फार लवकर विरघळतो, त्याला साधारण २० ते ३० ग्रे पुरतात, नुसता त्रास कमी करायचा असेल तर दोन बैठकीत ८ ग्रेवरही भागवतात, आणि स्वरयंत्र काढायचा प्रश्न सहसा येतच नाही. म्हणून लेबल बरोबर लागणं हेच सगळ्यात मोठं काम. उलटंही खरं आहे बरं का, लिंफोमाचा पेशंट जन्मभर विडी ओढत असेल तर त्याला तंबाखूचं कॅन्सरही होऊ शकतं, म्हणून आपणच ठरवून मोकळं व्हायचं नाही, तुकडा काढून तपासल्याशिवाय, म्हणजे बायप्सीशिवाय काही नाही.

जायच्या आधी घरी काय तयारी करायची

एक चिठ्ठी बनवा. घरात जो पोरगा-पोरगी कॉलेजला असेल त्याच्याकडनं इंग्रजीत लिहून घ्या, कारण डॉक्टर दोन मिनिटात तेवढंच वाचतो. त्यात एवढंच पाहिजे: कातडीचा टी-सेल लिंफोमा आहे, बायप्सी कुठं आणि कधी झाली, स्टेज काय सांगितली, आतापर्यंत कोणती ट्रीटमेंट झाली (लाइट थेरपी, रेडिएशन, गोळ्या, इंजेक्शन), आता काय चालू आहे, आणि घशाची तक्रार किती आठवड्यांपासून आहे. विडी-तंबाखू किती वर्षं, ते खरं लिहा. ही चिठ्ठी फाइलच्या सगळ्यात वर लावा, शंभर पानांच्या खाली नाही.

फोटो काढा. अंगावरच्या चट्ट्यांचे आणि गाठींचे, दिवसा उजेडात, बाजूला मोजपट्टी धरून, दर महिन्याला त्याच जागेचे. तोंडाचं बघायचं असेल तर मोबाईलचा टॉर्च लावा, जीभ बाहेर काढायला सांगा, जिभेखाली, दोन्ही गालांच्या आत आणि टाळूवर बघा, कवळी असेल तर काढून बघा. आत चमचा घालून खुपसाखुपशी नको, घशाच्या खालचं तुम्हाला असंही दिसणार नाही.

वजन करून लिहून ठेवा. महिन्यात किती उतरलं ह्यावरनं डॉक्टरला बरंच कळतं, आणि "जेवण कमी झालंय हो" ह्या वाक्यावरनं काहीच कळत नाही.

कुठं जायचं आणि तिथं काय मागायचं

पहिला टप्पा कान-नाक-घसा. बेळगावात सरकारी बिम्स आहे, नेहरूनगरला केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल आहे आणि त्यांचंच कॅन्सर हॉस्पिटल २०२५ च्या जानेवारीत सुरू झालंय. हुबळीला नवनगरचं कॅन्सर हॉस्पिटल, बंगळूरला किडवई, मुंबईला परळचं टाटा. माझं मत असं की घशाची दुर्बीण आणि पहिला तुकडा बेळगावातच करून घ्यावा, श्वासाचं प्रकरण असेल तर त्यासाठी बंगळूरची गाडी पकडण्यात अर्थ नाही, आणि रिपोर्ट आल्यावर ट्रीटमेंटचं मत घ्यायला मोठ्या सेंटरला जावं जिथं कातडीचा, रक्ताचा आणि रेडिएशनचा डॉक्टर एकत्र बसून ठरवतात. विरळ आजाराला तसले पेशंट आधी बघितलेला डॉक्टर लागतो. मुंबईला जाणार असाल तर दादरला पोचवणारी चालुक्य एक्सप्रेस आहे, दादरवरनं परळ जवळच.

हुबळी-बंगळूरला नर्सशी, वॉर्डबॉयशी कन्नडमध्येच बोलावं लागतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना येतं, पण ज्या आजींना येत नाही त्यांना एक वाक्य शिकवून ठेवा, "नुंगाक आगवल्दु", गिळायला येईना. बाकीचं कोण ना कोण मराठी बोलणारा सापडतोच.

दुर्बिणीला घाबरू नका. नाकातनं बारीक वायर घालतात, आधी बधिर करायचा स्प्रे मारतात, चार-पाच मिनिटांचं काम. स्प्रेचा असर जाईपर्यंत खायचं-प्यायचं नाही, नाहीतर ठसका लागतो. आत काही दिसलं तर तुकडा काढायला कधी कधी भूल देऊन ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागतं. नुसती सुई टोचून पाणी काढायची टेस्ट लिंफोमाला पुरत नाही, तुकडाच पाहिजे, आणि वरवरचा इवलासा तुकडा निघाला तर रिपोर्ट काहीच सांगत नाही, परत काढावा लागतो, त्यात कुणाची चूक असतेच असं नाही.

तुकडा ज्या कागदासोबत लॅबला जातो ना, त्या फॉर्मवर "कातडीच्या टी-सेल लिंफोमाचा पेशंट" हे लिहिलंय का ते विनंती करून बघून घ्या. पॅथॉलॉजिस्ट पेशंटला बघत नाही, तो फॉर्म बघतो. तिथं नुसतं "घशात गाठ" लिहिलं असेल तर तो तंबाखूच्या अंगाने विचार करणार. लिहिलं असेल तर तो आयएचसी म्हणजे विशेष रंगाच्या टेस्ट लावतो, सीडी३, सीडी४, सीडी३० वगैरे. सीडी३० आवर्जून विचारा, ते पॉझिटिव्ह निघालं तर ब्रेंटुक्सिमॅब नावाच्या इंजेक्शनचा रस्ता उघडतो. कातडीतला आणि घशातला आजार एकाच मुळाचा आहे का हे बघायला टीसीआर जीनची टेस्ट पण असते, सगळीकडं होत नाही, गरज आहे का ते डॉक्टरलाच ठरवू दे.

त्यासाठी जुन्या कातडीच्या बायप्सीचा मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड लागतात. जिथं बायप्सी झाली त्या लॅबला अर्ज द्या, बरेच ठिकाणी डिपॉझिट घेऊन देतात. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला तर मेण मऊ होऊन वाट लागते. डब्यात घालून सावलीत, हातातल्या पिशवीत ठेवा. स्लाइड काचेच्या आहेत, बॅगेत कपड्यांखाली कोंबू नका. आणि कुठं काय जमा केलं त्याची पावती घ्या, हरवलेला ब्लॉक परत बनत नाही.

आता कातडीच्या बायप्सीबद्दल एक. ती परत करायची ठरली तर डॉक्टर आधी दोन ते चार आठवडे स्टेरॉइडची ट्यूब बंद करायला सांगतात, कारण ट्यूबमुळं पेशी दबून रिपोर्ट गंडतो. ते सांगतील तेव्हाच बंद करायची, आपल्या मनाने नाही, पोटातली स्टेरॉइडची गोळी तर अजिबात एकदम तोडायची नाही.

पेट स्कॅन सांगितला तर उपाशीपोटी जायचं असतं, शुगरवाल्यांनी गोळ्या-इन्सुलिनचं आधी विचारून घ्या. घशाच्या पेशंटला एक खास सूचना आहे जी कधी कधी घाईत सांगायची राहून जाते. इंजेक्शन दिल्यापासनं स्कॅन होईपर्यंत तासभर बोलायचं नाही. बोललं की स्वरयंत्राचे स्नायू कामाला लागतात, ते स्कॅनमध्ये चमकतात, आणि नसलेल्या ठिकाणी शंका येते. पेशंटला गप्प बसवायचं म्हणजे सोबतच्या पाहुण्यांना बाहेर चहाला पाठवायचं, आपल्याकडं दुसरा उपाय नाही.

निघालाच तर

घशात लिंफोमाच निघाला तर फाइलवर चौथी स्टेज लिहितील, कारण कातडीबाहेरच्या अवयवात सापडला की नियमाने तसं धरतात. हा आकडा ऐकून घरात रडारड होते. हलका आजार आहे असं मी म्हणणार नाही, ह्या टप्प्यावर तो गंभीरच आहे. पण घशातली गाठ रेडिएशनने बऱ्याचदा पटकन खाली बसते, गिळणं आणि आवाज सुधारतो, आणि अंगातल्या बाकी आजारासाठी इंजेक्शन-गोळ्या चालू करतात, जेमसिटाबीन, लायपोसोमल डॉक्सोरुबिसीन, आधी सांगितलेलं ब्रेंटुक्सिमॅब. वय कमी आणि तब्येत धडधाकट असेल तर दुसऱ्याच्या स्टेम सेल घालायचा विषयही निघतो. डॉक्टरला सरळ विचारा, हे बरं करायला आहे का त्रास कमी करायला. उत्तर काहीही असो, पैसे आणि धावपळ कुठं लावायची ते त्यावरनंच ठरतं.

रेडिएशनच्या आधी दात दाखवून घ्या, किडके दात आधी निपटवायचे असतात. चालू असताना तोंड सुकतं, जळजळतं. तेव्हा तिखट, लोणचं, चटणी बंद. मऊ भात ताक घालून, नाचणीची आंबील, पातळ वरण, अंडं, केळं कुस्करून. कुंदा चालतो का असं आमच्याकडं पेशंटनंच विचारलेलं, शुगर नसेल तर चालतो की, दूधच आहे. पाणीही ठसकत असेल तर मात्र जबरदस्तीने भरवू नका, फुप्फुसात जातं, नाकातनं नळी घालायचं डॉक्टरशी बोला. नळी म्हणजे शेवट असा गैरसमज आहे, बऱ्याच जणांची परत निघते.

अंगावर उघड्या गाठी असतील तर त्यावर पाला वाटून लावणं, राख लावणं बंद करा. कोण कितीही खात्रीचा वैदू सांगू दे. ह्या आजाराच्या पुढच्या टप्प्यात माणसं दगावतात त्यात इन्फेक्शन हे मोठं कारण असतं, फुटलेल्या कातडीतनं जंतू रक्तात जातात. ताप आला, थंडी वाजली की त्याच दिवशी हॉस्पिटल. रोज कोमट पाण्याची आंघोळ, नंतर साधं मॉइश्चरायझर, नखं कापलेली, एवढं पुष्कळ आहे.

पैशाचं

कर्नाटकाचं बीपीएल रेशन कार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत घराला वर्षाला ५ लाखांपर्यंत मिळतं, एपीएल असेल तर पॅकेजच्या ३० टक्के आणि वर्षाला दीड लाखापर्यंत. इमर्जन्सी नसेल तर मोठ्या उपचाराला सरकारी हॉस्पिटलचं रेफरल लेटर लागतं, म्हणून पहिला केसपेपर बिम्स किंवा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातनं निघालेला बरा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना (त्यांची सरकारी उपचार योजना) द्यायचं ठरवलं, त्यावरनं दोन्ही सरकारांत वाजलं, आपण मध्येच. कोल्हापूर-मिरजेला जाणार असाल तर ॲडमिट व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला (हॉस्पिटलात योजनेचं काम बघणारा माणूस) आपलं गाव आणि कार्ड दाखवून लिहून घ्या, तोंडी "होतंय ओ" वर जाऊ नका. आधार, रेशन कार्ड आणि हॉस्पिटलच्या फाइलवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते बघा, कन्नडमधनं इंग्रजीत जाताना आपल्या आडनावांचं काहीही होतं आणि क्लेम तिथंच अडकतो.

डिस्चार्जच्या वेळी समरीवर तीन गोष्टी आहेत का ते काउंटरवरच वाचा: घशाच्या तुकड्याचा रिपोर्ट नंबर, किती ग्रे रेडिएशन कुठल्या भागाला दिलं, आणि पुढची दुर्बीण कधी. नसतील तर घालून घ्या, आणि त्याची एक झेरॉक्स कातडीच्या डॉक्टरला नेऊन द्या.